सासूबाईंचं गळकं पेन

माझ्याकडे शाईचं पेन आहे म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. अजून मिळतात का, आणि गळत नाही का. मिळतात. आणि गळतं.

मी मुलुंडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला सासूबाईंनी मला हे पेन दिलं. आमच्याकडे दसऱ्याला ज्याने त्याने आपापल्या कामाचं हत्यार पाटावर मांडायचं असतं. नवऱ्याने नटबोल्टचे पाने आणि पक्कड मांडली, दिराने तेव्हाचा त्याचा कॅल्क्युलेटर. माझ्याकडे मांडण्यासारखं काही नव्हतं.

"रक्त काढायच्या सुया मांडू?" मी विचारलं.

"नको गो बाये," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कपाट उघडून एक काळं, जाडसर पेन माझ्या हातात दिलं. "तिकडे लिहितेस ना? मग हे तुझं हत्यार."

त्यांच्याकडे अशी दोन पेनं होती, एकाच दुकानातून एकाच वेळी घेतलेली. ड्रॉपरने नळीत थेट शाई भरायची, वरून निबचा भाग आट्यांवर फिरवून बसवायचा, झालं. आत रबर नाही, काडतूस नाही, बिघडायला काही नाही. पेन बनवणाऱ्याचं मला याच गोष्टीसाठी कौतुक वाटतं. आमच्या लॅबमध्ये येणारी नवी मशिनं इतकी हुशार असतात की बंद का पडली हे त्यांना स्वतःलाच कळत नाही. हे पेन तसं नाही. याच्याशी तुम्ही नीट वागला नाहीत की ते बोटावर लिहून देतं.

सुरुवातीला मी नीट वागत नव्हते. अ‍ॅप्रनच्या खिशात आडवं टाकायचे. खिशावर निळं बेट तयार व्हायचं आणि हळूहळू त्याचा खंड व्हायचा. एकदा एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होते, तर ते माझ्या निळ्या बोटांकडे बघत म्हणाले, "हे कुठल्या टेस्टने झालं हो मॅडम? ती मला करू नका."

मग शिकले. पर्समध्ये पेन उभं, निब वर. रिक्षाचे धक्के खाऊन उतरल्या उतरल्या टोपण उघडायचं नाही, आधी पेनाला जरा श्वास घेऊ द्यायचा. आट्यांना किंचित व्हॅसलीन. कपड्यावर डाग पडलाच तर लगेच गार पाण्याची धार, चोळायचं नाही. दुधाने डाग जातो असं शेजारणी सांगतात. जात नाही, दूध तेवढं जातं. इतकं सगळं करूनही वर्षातून एकदोनदा गळतंच, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. संध्याकाळपर्यंत रिपोर्टवर सह्या करूनही ज्या पेनाने हात दुखत नाही, त्याचे दोन डाग मी चालवून घेते.

पण माझ्या हातात हे पेन म्हणजे साधं काम भागवणं. ते खरं शोभतं सासूबाईंच्या हातात.

त्या महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. ऐंशीला आल्या आहेत, पण अक्षर अजून फळ्यावरचं. आधी शब्दाची सगळी अक्षरं लिहून घेतात आणि मग वरून एका दमात शिरोरेघ ओढतात, पट्टीशिवाय, डावीकडून उजवीकडे, जणू दोरीवर कपडे वाळत घालून झाल्यावर दोरी ताणली. माझ्यासारख्या रुक्ष बाईलाही ते बघत उभं राहावंसं वाटतं. त्यांना माहीत आहे मी बघते ते. "दूध बघ गॅसवरचं," एवढंच म्हणतात.

आमच्या आणि त्यांच्या माहेरच्या, चुलत-मावस सगळ्या घरांतल्या लग्नांची पाकिटं त्याच लिहीत आल्या. मांडीवर पाट, डावीकडे कोरी पाकिटं, उजवीकडे लिहिलेली वाळायला पसरलेली. काळी शाई लग्नकार्यात चालत नाही, म्हणून निळी. कुठे थेंब पडला तर जवळ खडूचा तुकडा असतो. थेंबाच्या कडेला खडू अलगद टेकवायचा, चोळायचा नाही. खडू शाई पिऊन घेतो आणि डागाऐवजी फिकट छाया राहते. ही शाळेतली युक्ती. पत्रिका फेकून दिल्या तरी पाकीट ठेवून देणारे नातेवाईक आमच्यात आहेत.

गेल्या दसऱ्यानंतर माझ्या पुतणीचं, म्हणजे बोरिवलीच्या दिराच्या मुलीचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झाल्याबरोबर धाकटी जाऊ पत्रिकांचे गठ्ठे घेऊन आमच्याकडे आली. पाकिटंही तिने मुद्दाम खरबरीत कागदाची घेतली होती, चकचकीत कागदावर शाई वाळत नाही म्हणून. एवढी काळजी तिने घेतली होती हे आधीच सांगते, कारण पुढे ती स्टिकरवाली म्हणून घरात बदनाम झाली, आणि ते काही बरोबर नाही.

सासूबाईंनी पाट मांडला. ड्रॉपरने पेन भरलं. पहिलं पाकीट कुळदैवताचं. त्यांनी देवीचं नाव लिहिलं, शिरोरेघ ओढायला हात डावीकडे नेला आणि निबवरून टपोरा थेंब खाली पडला, थेट देवीच्या नावावर.

त्यांनी खडू लावला. पाकीट बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. दुसऱ्यावर तीनचार अक्षरं झाली आणि पुन्हा थेंब. तिसऱ्यावर तर थेंब पडून ओघळला. त्यांच्या तीन बोटांची टोकं निळी झाली होती. पेन निबच्या बाजूने गळत होतं आणि धरायच्या जागेवरूनही पाझरत होतं.

"आई, जरा थांबा, चहा घेऊया का?" जाऊ म्हणाली.

"चहाने काय व्हतला?" त्यांनी टोपण लावलं. हात पुढे करून बोटांकडे बघितलं, उलटा केला, सुलटा केला. "हात गेलो माझो."

घरात एखादं 'गो बाये' सोडलं तर त्या माझ्याशी चारचौघांसारखं शहरी मराठी बोलतात. मालवणी तोंडात आली की समजायचं, आतून हललंय.

"असं काही नाही हो आई."

"अगो, पेनाक काय झालां नाय. इतकी वर्षां तांच पेन. मीच दाबतंय जास्त. कापता हात." मग जावेकडे वळून शुद्ध भाषेत, शाळेत वर्ग सोडताना बोलावं तसं म्हणाल्या, "तू आपले ते छापील स्टिकर करून घे. उगाच पाकिटं खराब नकोत. पोरीचं लग्न आहे."

जाऊ बिचारी माझ्याकडे बघत राहिली. खाली लिफ्टपाशी मला म्हणाली, "ताई, मी म्हटलेलं नाही हं स्टिकरचं. त्याच म्हणाल्या."

"माहितीये गं."

"पण खरं सांगू? टेन्शनच आलेलं. त्यांना नाही कसं म्हणायचं, आणि डागवाली पाकिटं व्याह्यांना द्यायची कशी. म्हणजे बरंच झालं एका अर्थी. पण बरं नाही वाटत यार."

ती गेली. सासूबाईंनी पाट उभा करून भिंतीला लावला आणि रेडिओ लावला. त्यानंतर त्या पाकिटांबद्दल बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या कार्डावर सही करायची होती तर म्हणाल्या, "तू कर." सोसायटीच्या भिशीच्या वहीवर सही करायची वेळ आली तेव्हाही "तू कर." तीन थेंबांवरून ही बाई सगळं लिहिणंच सोडून द्यायला निघाली होती. गप्प बसून, कुरकुर न करता. ते मला चालण्यासारखं नव्हतं. आणि त्यांचं निदान मला पटतही नव्हतं.

कारण मी त्यांचा हात रोज बघते. त्याच आठवड्यात त्यांनी बांगड्याच्या तुकड्यातले काटे नातवासाठी एकेक काढले होते. सुईत दोरा त्या ओवतात, मी नाही. लॅबमध्ये एखादा रिपोर्ट विचित्र आला तर पेशंटला आजारी ठरवण्याआधी आम्ही यंत्र तपासतो. इथे सगळ्यांनी, खुद्द पेशंटने सुद्धा, यंत्र निर्दोष ठरवून टाकलं होतं.

मी सरळ उपाय सुचवला. "आई, माझं पेन घ्या. तेच आहे अगदी. त्याने लिहून बघा."

"तुझं नको."

"का?"

"निब हाताला बसलेली असते. दुसऱ्याच्या हातात गेली की मोडते. तुझं अक्षर बिघडेल."

"माझं अक्षर अजून बिघडायचं म्हणजे काय व्हायचं राहिलंय?"

हसल्या, पण पेन घेतलं नाही. शाईपेनवाल्या जुन्या माणसांचा हा पक्का नियम आहे. सख्ख्या भावाला पैसे देतील, पेन देणार नाहीत.

मग म्हटलं, तुमचंच उघडून बघते. त्याला मात्र नाही म्हणाल्या नाहीत. "बघ. धुऊन ठेवून दे," म्हणाल्या. ठेवून दे, म्हणजे कपाटात. कायमचं.

रविवारी सकाळी मी पांढरं शुभ्र वाडगं घेतलं, त्यात कोमट पाणी, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर पेन उघडलं. उरलेली शाई परत दौतीत. निबचा भाग वाडग्यात बुडवून ठेवला, नळी आतून विसळली. मग जुना टूथब्रश घेऊन आटे घासायला लागले. पाणी निळं होत होतं, ते अपेक्षितच होतं. पण ब्रश वर काढला तर केसांच्या मुळाशी लाल.

मी वाडगं खिडकीशी नेलं. पाणी थोडं निवळू दिलं. तळाला बारीक लाल कण बसले होते, त्यात पिवळे, आणि निबखालच्या काळ्या पट्टीच्या खाचेतून एक पांढरा कण निघाला तो चक्क तांदळाची कणी होती.

हळद, कुंकू आणि अक्षता.

तिथेच उभ्या उभ्या मला सगळं लक्षात आलं. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला हे पेन पाटावर आडवं पडून गळलं होतं आणि पूजेच्या लाल कापडावर डाग पडला होता. सासूबाईंच्या मनाला ते लागलं. म्हणून या दसऱ्याला त्यांनी पेन रिकामं केलं, धुतलं, कोरडं केलं, आणि उघडंच पाटावर मांडलं: टोपण वेगळं, नळी वेगळी, निब वेगळी. आणि पूजा म्हटली की अर्धवट नाही. टोपणाला हळदकुंकू वाहिलं, नळीला वाहिलं, निबला वाहिलं. प्रत्येकावर अक्षता. दुसऱ्या दिवशी पदराने पुसून तीनही भाग जोडले. धुतले नाहीत, कारण पूजेचं कुंकू मोरीत घालवायचं नसतं. माझं पेन त्याच पाटावर होतं, पण मी ते घाईत पर्समधून काढून बंदच ठेवलं होतं. त्याच्या वाट्याला टोपणावर एक टिळा आला. ते गळत नव्हतं.

आट्यांमध्ये कण अडकले की जोड घट्ट बसत नाही. जोडातून हवा आत जाते, आणि हवा आत गेली की शाई निबवाटे सुटते. पिपेटवर बोट दाबलेलं असतं तोवर द्रव आत थांबतो, बोट उचललं की खाली येतो, तेच हे. त्यांच्या हाताचा यात काही संबंध नव्हता.

मी वाडगं घेऊन हॉलमध्ये गेले आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे तुमच्या पेनातून निघालं."

त्यांनी चष्मा सरकवला. वाकून बघितलं. बोट घालून एक कण उचलला, चिमटीत चोळला.

"कुंकू."

"हो. दसऱ्याचं. आट्यांत बसलं होतं. म्हणून गळत होतं पेन."

बोट पदराला पुसलं. मग, "म्हणजे माझ्या पेनाची वाट सरस्वतीने लावली म्हणतेस?"

"सरस्वती कशाला लावेल? तुम्ही लावलीत."

नवरा पेपरामागून म्हणाला, "मेली ही आता." पण सासूबाई मान मागे टाकून अशा हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर पहिलं वाक्य काय, तर "हे पाणी मोरीत ओतू नकोस."

"तुळशीत ओतते."

"तुळशीत शाई ओततेस? शिकलेली बाई ना तू? जास्वंदीला घाल."

जास्वंदीला घातलं. तिला काही झालं नाही.

त्यांचा विश्वास लगेच बसला असं मात्र नाही. शिक्षिका आहेत, उत्तरासोबत रीत मागतात. मी पेन कोरडं करून, आट्यांना व्हॅसलीन लावून, काठोकाठ भरून दिलं. त्यांनी ते निब खाली करून पेपरावर धरलं आणि मनगटाला हलका झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला. काही नाही. मग नवऱ्याच्या हातातलाच पेपर ओढून घेतला आणि जाहिरातीच्या कोऱ्या जागेत लिहायला लागल्या. सोसायटीतल्या बायकांची नावं, शाळेतल्या पोरांची, गावच्या वाड्यांची. मधेच थांबायच्या, निबकडे बघायच्या. थेंबाची वाटच बघत होत्या म्हणा ना. कडेची जागा संपली तशा आडव्या लिहायला लागल्या. शिरोरेघा एकीपुढे एक तशाच सरळ. मी भाजी निवडायला बसले, पण लक्ष तिकडेच होतं, आणि यावेळी त्यांनी मला दूध बघायला पाठवलं नाही.

अखेर टोपण लावून म्हणाल्या, "बोरिवलीला फोन लाव. स्टिकर करू नको म्हणावं."

लावला. जाऊ म्हणाली, "ताई, छापून झाले ना! कालच आणले. पाकिटांवर लावायला घेते आजच."

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला. "हॅलो. किती लावलेस?... एकही नाही ना? छान. कुरियरने जायच्या त्यांना लाव. आपण स्वतः जाऊन ज्यांना देणार, त्यांची मी लिहिणार... अगं, हात बरा आहे माझा. पेन आजारी होतं. त्याला आंघोळ घातली मोठीने... हो, मग ये संध्याकाळी. आणि कुळदैवताचं पाकीट नवीन आण, ते आधी."

संध्याकाळी जाऊ आणि पुतणी दोघी आल्या. पुतणी आजीच्या समोर मांडी घालून बसली, एकेक नाव वाचून दाखवायला. आजीचा वेग असा की पोरीला पुढचं नाव शोधायला उशीर व्हायचा.

"पुढचं."

"थांब गं आजी, मामांचं बघतेय."

"लग्नाला तरी वेळेवर उभी राहशील ना?"

लिहिलेली पाकिटं आम्ही दिवाणावर, टीव्हीवर, शिलाई मशीनवर वाळत घातली होती. जाऊ एक उचलून उजेडात धरून बघत होती. "ताई, खरंच, स्टिकरला ही मजा नाही ना." मग हळू आवाजात, "पण कुरियरच्यांना लावले ते बरं झालं हं. सगळी लिहीत बसल्या असत्या." त्यातही तथ्य होतं. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, पंखा मात्र बंद केला, पाकिटं उडत होती.

बरीच पाकिटं झाल्यावर थेंब पडला.

पुतणीने वाचायचं थांबवलं. जाऊ माझ्याकडे बघायला लागली. मला कारण माहीत होतं. नळीतली शाई अर्ध्याच्या खाली उतरली की आत हवा जास्त होते, ती हाताच्या उबेने फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. हे सांगायला मी तोंड उघडलं.

पण सासूबाईंनी बोटांकडे बघितलंसुद्धा नाही. पेन उजेडात धरलं, हलवून आतला आवाज ऐकला. "शाई संपत आली," म्हणाल्या, आणि पेन माझ्याकडे सरकवलं. "भर. पुरं काठोकाठ भर, मघाशी कमी भरलं होतंस."

"मी काठोकाठच भरलं होतं."

"मग मी जास्त लिहिलं असेन." मग त्यांनी डाग पडलेलं पाकीट उचललं, कुणाचं आहे ते वाचलं. वर माझ्या नवऱ्याचं आणि माझं नाव होतं. भाऊ असला तरी आमंत्रण रीतसर द्यावं लागतं. माझ्या नावाचं शेवटचं अक्षर शाईत बुडालं होतं.

"आजी, हे बदलूया ना," पुतणी म्हणाली. "दुसरं देते."

"कशाला? घरातलं आहे." त्यांनी पाकीट तसंच माझ्या हातात दिलं. "यायचं हं सहकुटुंब."

"येते," मी म्हटलं, आणि पेन, दौत घेऊन ओट्याकडे गेले. मागून त्यांचा आवाज आला, "पुढचं नाव वाच गो, ती येईपर्यंत तोंडपाठ करून ठेवते."